उयुनी ते सान पेद्रो: तीन दिवसांची जीप-सफर, दुसऱ्या रात्रीपासून उलटी मोजलेली

बोलिव्हियाच्या नैऋत्य कोपऱ्यातली ही सफर बहुतेक जण मिठाच्या मैदानाचे फोटो बघून ठरवतात. पण सफर बिघडायची असेल तर मैदानावर बिघडत नाही. ती बिघडते दुसऱ्या रात्री, लागुना कोलोरादा या लाल पाण्याच्या सरोवराजवळच्या मुक्कामात. हा मुक्काम ४,३०० मीटरच्या आसपास असतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के भरतो, जून-जुलैत पारा उणे १५ ते २० पर्यंत उतरतो, आणि धड रुग्णालय कित्येक तासांच्या कच्च्या रस्त्यापलीकडे असतं. म्हणून दिशा, महिना, कंपनी, सामान हे सगळं या एका रात्रीपासून उलटं मोजत ठरवावं.

आधी दिशा. एका टोकाला उयुनी आहे, उंची सुमारे ३,६७० मीटर. दुसऱ्या टोकाला चिलीतलं सान पेद्रो दे आताकामा, उंची २,४०० मीटर. सान पेद्रोहून निघालात तर तासाभरातच गाडी इतो काहोनला, चिली-बोलिव्हियाच्या सीमेवर, म्हणजे जवळजवळ ४,५०० मीटरवर पोचते आणि पहिलीच रात्र कोलोरादाच्या परिसरात पडते. एका दिवसात झोपण्याची उंची दोन हजार मीटरनं वाढते, आणि डोकेदुखी-उलट्यांच्या बहुतेक तक्रारी याच दिशेनं येणाऱ्यांच्या असतात. उयुनीहून निघालं की पहिली रात्र मैदानाच्या काठावर ३,७०० च्या आसपास, दुसरी ४,३०० वर आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली. आमचा कौल निःसंशय उयुनीकडून. बोलिव्हियातल्याच तुपिसा गावाहून निघणारी चार दिवसांची सफर देखणी आहे, पण तीही पहिल्या-दुसऱ्या रात्रीच चार हजारांच्या वर नेते. तिला ‘हळूहळू चढणारी’ म्हणून विकतात, ते खरं धरू नका.

उयुनीला पोचायचं कसं, हाही उंचीचाच प्रश्न. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, ४,०६० मीटरवर. मुंबईहून दोन-तीन विमानं बदलून, झोपमोड होऊन थेट तिथे उतरणं म्हणजे शरीराला सर्वात वाईट वेळी सर्वात मोठा धक्का देणं. त्यापेक्षा सांता क्रूसमार्गे (४०० मीटर) सुक्रेला जावं. तिथे २,८०० मीटरवर दोन-तीन रात्री काढाव्यात, मग पोतोसीवरून बसनं उयुनी गाठून सफरीआधी निदान एक रात्र तिथे झोपावं. शहर म्हणूनही सुक्रे उयुनीपेक्षा कितीतरी बरं आहे.

‘आम्ही लेह-लडाख करून आलोय, आम्हाला काही होत नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे, आणि खारदुंग ला ओलांडून लोक झोपायला खाली नुब्रात उतरतात. शिवाय कमावलेली सवय काही आठवड्यांतच ओसरते. मागच्या खेपेला त्रास झाला असेल तर तो इशारा समजावा. झाला नसेल तर ती हमी नव्हे.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. या गोळीनं लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. त्यानं घाबरून लोक पाणी कमी पितात, नेमकं उलटं करायला हवं. साधी डोकेदुखी, तुटक झोप हे अपेक्षित आहे. चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं असतं. कोलोरादाहून रात्री खाली उतरणं सोपं नाही: सान पेद्रो जवळ असलं तरी सीमा बंद असते आणि उयुनी कित्येक तास दूर. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच, की गाडीत ऑक्सिजनची नळकांडी असते का आणि ती भरलेली आहे हे निघताना दाखवाल का? कोकाची पानं आणि कोकाचा चहा बोलिव्हियात सर्रास मिळतो, थोडा आरामही पडतो, पण तो गोळीला किंवा खाली उतरण्याला पर्याय नाही.

महिन्याचं म्हणाल तर एकाच सफरीत सगळं मिळत नाही. आरशासारखं पाणी हवं असेल तर जानेवारी ते मार्च. पण त्या दिवसांत मैदानाचा मोठा भाग पाण्याखाली असतो, मैदानाच्या मधल्या इंकावासी बेटापर्यंत गाड्या जात नाहीत आणि क्वचित मार्गच बदलावा लागतो. मिठाचे षटकोनी आकार, कोरडे रस्ते आणि पूर्ण मार्ग हवा असेल तर मे ते नोव्हेंबर. त्यातही जून ते ऑगस्ट थंडी कडक असते आणि हिमवृष्टी झाली की इतो काहोनचा घाट दोन-तीन दिवस बंद राहू शकतो. आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबात दिवाळीचा काळ सगळ्यात सोयीचा: रात्री सोसवण्याजोग्या, रस्ते कोरडे, आणि फ्लेमिंगोंची संख्याही वाढायला लागलेली.

उयुनीत सफर विकणारी दुकानं डझनांनी आहेत, पण ज्याच्याकडे पैसे भरता त्याचीच गाडी येईल असं नाही. प्रवासी कमी पडले की एकमेकांकडे सोपवले जातात. त्यामुळे पावतीवर गाडीत जास्तीत जास्त सहा प्रवासी, दोन्ही मुक्कामांची गावं, जेवणं, भाड्याची झोपण्याची पिशवी आणि चिलीत उतरणार असाल तर सीमेपासून सान पेद्रोपर्यंतच्या व्हॅनचा खर्च, हे सगळं लिहून घ्यावं. ‘ते येतंच त्यात’ हे तोंडी उत्तर सीमेवर उपयोगाला येत नाही. इंग्रजी बोलणारा वाटाड्या हवा असेल तर वेगळे आणि बरेच जास्त पैसे पडतात. नाहीतर चालक हाच वाटाड्या, हाच स्वयंपाकी, आणि भाषा फक्त स्पॅनिश. ‘मे सिएन्तो माल’ म्हणजे मला बरं वाटत नाही, आणि ‘देस्पासियो, पोर फावोर’ म्हणजे जरा हळू चालवा, ही दोन वाक्यं पाठ असू द्यात. दुसऱ्याचा वापर करायला लाजू नये. मैदानावर रस्ताच नसल्यानं वेगाला धरबंध राहत नाही.

गाडी बहुधा टोयोटा लँड क्रूझर, बरीच वर्षं चाललेली. निघण्यापूर्वी चालू स्थितीतले सहा सीटबेल्ट, दोन जादा टायर आणि टपावरचे इंधनाचे कॅन डोळ्यांनी बघा. २०२३ नंतर बोलिव्हियात इंधनाची आणि डॉलरची टंचाई वारंवार झाली आहे. अशा काळात निघण्याची वेळ पुढे ढकलली जाते, म्हणून उयुनीत एक दिवस हाताशी ठेवा. मागची तिसरी रांग उंच माणसाला छळते. जागा रोज बदलायच्या हे पहिल्या सकाळीच सहप्रवाशांशी ठरवलेलं बरं, दुसऱ्या दिवशी ते बोलणं अवघड होतं. मोठी बॅग टपावर ताडपत्रीखाली जाते आणि संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. औषधं, जाकीट, पाणी, टॉयलेट पेपर, पासपोर्ट मांडीवरच्या बॅगेत.

रोख रक्कम उयुनीतच काढा, पुढे सान पेद्रोपर्यंत एटीएम नाही. वाटेतल्या एदुआर्दो अबारोआ अभयारण्याचं परदेशी प्रवाशांसाठीचं शुल्क १५० बोलिव्हियानो आहे आणि ते सहसा सफरीच्या किमतीत धरलेलं नसतं. तिकीट बाहेर पडताना पुन्हा तपासतात, फेकू नका. इंकावासी, गरम पाण्याचं कुंड, मुक्कामातली गरम अंघोळ आणि जागोजागची स्वच्छतागृहं यांचे वेगळे पैसे, तेही सुट्टे लागतात. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या; जराशी फाटलेली नोटही परत करतात.

पहिला दिवस सोपा. सकाळी साडेदहाच्या सुमारास निघून गावाबाहेरची जुन्या रेल्वे इंजिनांची दफनभूमी, मग कोल्चानी हे मीठ कुटणाऱ्यांचं गाव, आणि मग सालार दे उयुनी: दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं, ३,६५६ मीटरवरचं मिठाचं पठार. ऊन इथे खालूनही येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानामागे सनस्क्रीन लावलं नाही तर रात्री तिथेच आग होते. गॉगल साधा चालत नाही, बर्फासाठीचा गडद काचांचा घ्यावा. सनस्क्रीनची बाटली उघडताना तिचं तोंड दुसरीकडे धरा, दाबाच्या फरकानं ती पिचकारी मारते. चिवड्याची पाकिटंही टम्म फुगतात. घरून निघतानाच टाचणीनं भोक पाडून दुसऱ्या पिशवीत घातली तर बॅगेत फुटत नाहीत. पावसाळ्यात गेलात तर रबरी चपला किंवा गमबूट न्या, कारण मिठाचं पाणी चामडी बूट कायमचे कडक करतं आणि जीन्सवर वाळलेलं मीठ त्वचेला कापतं. लहान-मोठ्या आकारांचे गमतीचे फोटो काढायचे तर फोन थेट जमिनीवर टेकवावा आणि दूरच्या माणसाला वाटतं त्याहून बरंच मागे पाठवावं.

इंकावासी बेटावरचे उंच निवडुंग वर्षाला सेंटीमीटरभर वाढणारे, म्हणजे बरेचसे कित्येक शतकांचे. माथ्यापर्यंतची चढण छोटी आहे, पण तीच तुमची चाचणी समजा. तिथे डोकं ठणकायला लागलं तर त्याच संध्याकाळी चालकाला सांगा, कारण दुसऱ्या दिवशी सांगून पर्याय उरत नाहीत. मिठाच्या विटांच्या हॉटेलात वीज बऱ्याचदा संध्याकाळचे काही तासच असते. आधी बॅटऱ्या चार्ज करा, मग अंघोळ.

दुसरा दिवस या सफरीचा गाभा. चिगुआनाच्या खारवट मैदानातून चिलीकडे जाणारी रेल्वेलाइन ओलांडायची, मग धुरकट ओयाग्वे ज्वालामुखी (५,८६८ मीटर) दिसतो, आणि कान्यापा, एदियोंदा अशी सरोवरांची माळ लागते. फ्लेमिंगोंच्या तीन जाती या पट्ट्यात आहेत: अँडियन, जेम्स आणि चिलियन. अँडियनचे पाय पिवळे, चिलियनचे राखट आणि गुडघ्याशी गुलाबी. दुर्बीण असेल तर पायांकडे आधी बघा. पक्ष्यांच्या दिशेनं चालत जाऊ नका, ते उडतात आणि खाणं सोडतात. दुपारनंतर सिलोलीच्या वाळवंटात वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. आर्बोल दे पिएद्रा हा वाऱ्यानं कोरलेला दगड याच वाऱ्याची करामत आहे, आणि कॅमेऱ्याची लेन्स इथे बदलायची नसते हेही त्यावरून कळावं.

लागुना कोलोरादाचा लाल रंग शेवाळ आणि गाळातल्या रंगद्रव्यांचा, पांढरी बेटं टाकणखाराची. रंग दुपारी उन्हात गडद दिसतो. चालक आधीच्या थांब्यांवर रेंगाळला तर इथे पोचेपर्यंत ऊन उतरतं. सकाळीच त्याला तसं सांगून ठेवलं तर तो वेळ जुळवतो.

मग ती रात्र. खोल्या साध्या, चार-सहा खाटांच्या, बहुतेक ठिकाणी गरम करण्याची सोय नाही. ब्लँकेटं मिळतात, तरी उणे १५ पर्यंतची झोपण्याची पिशवी भाड्यानं घेतलेली असावी. जेवण हलकं, सूपवर भर, दारू नाही. इथे पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे घरून नेलेले झटपट पोहे-उपमा दिलेल्या वेळेत मऊ होत नाहीत. झाकण घट्ट लावून दुप्पट वेळ ठेवा. शाकाहारींनी सफर ठरवताना ‘सिन कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो’ असं पूर्ण सांगावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की ताटात कोंबडी येते. माणशी पाच लिटर पाणी उयुनीतून घ्या. फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि दुसऱ्या दिवशीचे मोजे पिशवीतच घेऊन झोपा.

तिसऱ्या दिवशी साडेचारला उठवतात. सोल दे मान्याना, म्हणजे जमिनीतून वाफ आणि उकळता चिखल उसळणारा पट्टा, सुमारे ४,८५० मीटर, या सफरीतली सर्वात उंच थांबण्याची जागा. पहाटेच्या गारठ्यात वाफ सर्वात दाट दिसते. इथे कठडे नाहीत, उकळत्या चिखलाभोवतीचा कवचासारखा थर पातळ असतो, आणि वाफेत पावलाखालचं दिसत नाही. आधीच्या पावलांच्या खुणांबाहेर जाऊ नका. पुढे पोल्केसचं गरम पाण्याचं कुंड. पंधरा-वीस मिनिटं पुरे. ४,४०० मीटरवर गरम पाण्यातून झटकन उठलं की भोवळ येते, काठावर बसून मगच उभे राहा. लिकांकाबूरच्या (सुमारे ५,९२० मीटर) पायथ्याची लागुना वेर्दे सकाळी वारा नसेल तर मळकट दिसते, तिचा हिरवा रंग वाऱ्यानं पाणी ढवळल्यावर खुलतो. चिलीची व्हॅन गाठायची तर थांबायला वेळ नसतो. उयुनीला परतणाऱ्यांनी पुढचे सात-आठ तास गाडीतच जाणार हे धरून चालावं.

इतो काहोनला बोलिव्हियाचा निर्गमन शिक्का घ्यायचा, मग चिलीची तपासणी. भारतीय पासपोर्टवर सहसा चिलीचा व्हिसा आधीच हातात हवा, तो सीमेवर मिळत नाही. बोलिव्हियाच्या व्हिसाचे नियम तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीकडून ताजे करून घ्या. चिलीचे कृषी-अधिकारी बॅगा उघडतात: फळं, भाज्या, बिया, मध, दुधाचे पदार्थ अडकतात, कोकाची पानं तर अजिबात नेऊ नका. उरलेला खाऊ असेल तर अर्जात ‘आहे’ लिहा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. बोलिव्हिया सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर मुंबई विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात.

चिलीचं घड्याळ तिथल्या उन्हाळ्यात बोलिव्हियापेक्षा तासभर पुढे असतं. सीमेवर रांग लागली तर सान पेद्रोला पोचता पोचता दुपार होते, आणि कालामाचा विमानतळ तिथून आणखी दीड तासावर आहे. त्याच दिवशीचं विमान काढू नका.