दोन टाक्या, सहा अंशांचा फरक : दिवस ११८

मागच्या नोंदीत, ६० व्या दिवशी, मी छाती फुगवून लिहिलं होतं की गरम टाकी थंड टाकीपेक्षा झकास चाललीय. ते शब्द गिळतो.

नव्यांसाठी थोडक्यात: दोन्ही टाक्या ४० लिटरच्या. तळाला एकाच डबक्यातला गाळ, नीट कालवून दोन्हींत सारखा, पाच सेंटिमीटर जाड. त्यात व्हॅलिसनेरियाची सहा-सहा रोपं, वर तरंगतं हॉर्नवर्ट (बिनमुळांची पाणवनस्पती), शिवाय गोगलगाई आणि डॅफ्निया (पाण्यातले टाचणीच्या डोक्याएवढे जीव). मासे नाहीत, फिल्टर नाही, खत नाही. ‘अ’ २४ अंशांवर, ‘ब’ ३० वर. दिवे एकाच टायमरवर.

पहिला महिना अगदी पुस्तकातल्यासारखा गेला. अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट, मग नायट्रेट: कुजण्यातून आलेल्या अमोनियाचं जिवाणू टप्प्याटप्प्याने असं रूपांतर करतात. ‘ब’मध्ये हे सगळं आठवडाभर आधी आटोपलं, आणि त्यावरच मी भाळलो. जिवाणू ऊन पाण्यात जोरात कामाला लागतात, यात नवल ते काय?

एक कबुली इथेच देऊन टाकतो. ‘ब’मधलं पाणी भराभर उडायचं आणि मी नळाचं पाणी ओतून पातळी भरायचो. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, हे माहीत असूनही! ३५ व्या दिवशी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तेव्हा ‘ब’चा आकडा ‘अ’च्या जवळपास दीडपट. तेव्हापासून फक्त डिस्टिल्ड पाणी. त्याआधीच्या तुलनेवर फार भिस्त ठेवू नका. नळाच्या पाण्यात फॉस्फेट मात्र किटला दिसलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

६३ व्या दिवसाच्या सुमारास ‘ब’मध्ये डकवीड माजलं, म्हणजे पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी वनस्पती. गाळासोबत चारदोन टिकल्या आल्या असाव्यात. ‘अ’मध्येही होत्या, पण तिथे त्या रांगत होत्या, इथे दहा दिवसांत वरचा पृष्ठभाग झाकला. मला ते हिरवं पांघरूण आवडलंसुद्धा. मग ७१ व्या दिवशी पहाटे, दिवे लागण्याआधी, ऑक्सिजनचं किट काढलं. ‘अ’मध्ये लिटरला ५ मिलिग्रॅम. ‘ब’मध्ये १, तोही ओढूनताणून. डॅफ्निया एकही हलत नव्हती आणि गोगलगाई काचेवरून पाण्याच्या कडेला येऊन बसल्या होत्या.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, हे उत्तर आपण सगळेच तोंडपाठ देतो. पण हिशेब करून बघा: २४ अंशांना सुमारे ८.४ मिलिग्रॅम मावतो, ३० ला सुमारे ७.६. दहा टक्क्यांचाच फरक. एवढ्याने डॅफ्निया मरत नाहीत. खरा फरक खाणाऱ्यांच्या भुकेत आहे. दहा अंश वाढले की सूक्ष्मजीवांचा श्वास ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे सहा अंशांत दीडपट. त्यात वरून डकवीडचं झाकण: हवेतला ऑक्सिजन आत येईना आणि खालच्या झाडांना उजेड मिळेना.

त्या दिवशी मी पहिल्यांदा गाळाकडे काचेला नाक लावून पाहिलं. ‘अ’मध्ये गाळाच्या वरच्या अंगाला तीन-चार मिलिमीटरचा गंजाच्या रंगाचा पट्टा आहे. ‘ब’मधला तो पट्टा गायब, थेट वरपर्यंत काळा गाळ. बोटाएवढी नळी खुपसून थोडा उपसला, तर कुजलेल्या अंड्याचा भपकारा. फॉस्फेट ‘अ’मध्ये लिटरला जेमतेम ०.१ मिलिग्रॅम, ‘ब’मध्ये १. नायट्रेट ‘ब’मध्ये शून्य.

फॉस्फेट कुठून आलं? मी काही घातलं नव्हतं. ते त्या गंजात होतं. ऑक्सिजन असेतो लोह गंजाच्या रूपात राहतं आणि फॉस्फेटला धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फेट पाण्यात सुटतं. मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या तळ्यांच्या गाळावर काम करून १९४१-४२ मध्ये हेच मांडलं होतं. नायट्रेट मात्र उलट्या वाटेने गेलं: ऑक्सिजन नसताना जिवाणू नायट्रेटवरच श्वास भागवतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. एकाच कारणाने फॉस्फरस वाढला आणि नायट्रोजन घटला.

७४ व्या दिवशी मी डकवीड गाळणीने काढून टाकलं. वाटलं, सुटलो. आठवड्याभरात पाणी वाटाण्याच्या सालीसारखं हिरवं. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला: मण्यांच्या माळा, आणि दहा-पंधरा मण्यांमागे एक जरा मोठा, फिकट, जाड कवचाचा मणी. अ‍ॅनाबिना, म्हणजे नील-हरित जिवाणू! तो फिकट मणी म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडायचा कारखाना. ते काम ऑक्सिजनने बिघडतं, म्हणून तो मणी स्वतः ऑक्सिजन बनवणंच सोडून देतो. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मुबलक, असं ताट मीच वाढून ठेवलं होतं. कॅनडातल्या ‘लेक २२७’ तळ्यात शास्त्रज्ञ १९९० पासून नायट्रोजन घालणं पूर्ण थांबवून फक्त फॉस्फरस देत राहिले, तरी हिरवा रंग हटला नाही. अशाच नायट्रोजन पकडणाऱ्यांनी तूट भरून काढली. हे मी आधी वाचलं होतं. माळ डोळ्यांनी बघेपर्यंत ते डोक्यात उतरलं नव्हतं.

९० व्या दिवशी ‘ब’चा हीटर बंद केला. तेव्हापासून दोन्ही टाक्या २४ वर. आज २८ दिवस झाले. पहाटेचा ऑक्सिजन ३ पर्यंत चढलाय, पण फॉस्फेट ०.७५ ला अडून बसलंय आणि गाळ काळाच. तापमान जागेवर आलं, टाकी आली नाही. माझा अंदाज असा की बरंचसं लोह आता सल्फाइडने (त्या अंड्याच्या वासातल्या गंधकाने) पकडलंय. काळा रंग त्याचाच, आणि अशा लोहाला फॉस्फेट धरता येत नाही. मेलेल्या माळा खाली पडून गाळाला रोज नवं खाणं पुरवतात ते वेगळंच.

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय: एकेकच टाकी, आणि डकवीडचा वाटा किती, उष्णतेचा किती, हे वेगळं कसं काढणार? नाही काढता येणार. पुढच्या फेरीत तीन-तीन टाक्या, आणि निम्म्यांतलं डकवीड रोज उपसायचं.

आज संध्याकाळी ‘ब’मध्ये एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडायचा होता, पाकीटही फोडलं होतं. पण ‘ब’मध्ये तगलेल्या दोन व्हॅलिसनेरियांपैकी एकीचं मूळ समोरच्या काचेला चिकटून खाली गेलंय, आणि त्या काळ्या गाळात मुळाभोवती दोऱ्याएवढी तांबूस कड धरलीय. कालच्या फोटोत ती नाही. मुळातून ऑक्सिजन झिरपत असणार. एअरस्टोन आठवडाभर थांबेल. काचेवर मार्करने खूण करून ठेवलीय.