८ जीबी रॅम, एकच हार्ड डिस्क आणि जीटीएचे झटके : आत्तापर्यंत कुठवर आलंय

माझ्या जुन्या पीसीवर जीटीए ५ हा गेम मधेच झटके देत अडकतो, त्यावर काय काय करून पाहिलं ते सांगतो. कॉन्फिग (मशीनमध्ये काय काय बसवलंय ते) आधी टाकतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला सेकंडहँड टॉवर, आय५ ४५७०, डीडीआर३ ची ८ जीबीची एकच स्टिक, १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज १०, आणि ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी. हेच कार्ड का, तर या टॉवरच्या पॉवर सप्लायमधून कार्डसाठी वेगळी वायरच येत नाही, आणि ७५० टीआय ६० वॉटमध्ये भागवतं, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ मिळतात, विषय संपला. गेम म्हणजे जीटीए ५, पीसीवर २०१५ ला आलेला तोच जुना, फक्त स्टोरी मोड. मशीन ठाण्यात नौपाड्यात, बिनएसीच्या खोलीत, त्यामुळे मे महिन्यात साइड पॅनल उघडंच असतं.

आता दुखणं. अ‍ॅव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) पन्नाशीच्या आसपास, म्हणजे कागदावर एकदम मस्त, पण गाडी हायवेला लावून जोरात सोडली की चित्र जागच्या जागी थिजतं आणि मग एकदम पुढे उडी मारतं, तोवर आपण डिव्हायडरवर. ज्याला विचारावं तो म्हणतो कार्ड बदल. पण कार्ड कमी पडत असतं तर गेम सगळीकडे सारखाच हळू चालला असता ना, असा मधेच अडकला नसता.

म्हणून आफ्टरबर्नर (कार्डचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून एफपीएसच्या ऐवजी फ्रेमटाइमचा, म्हणजे एका फ्रेमला किती वेळ लागतो त्याचा ग्राफ लावला. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. ग्राफ बराच वेळ त्याच्या जवळपास सरळ जातो आणि झटका आला की थेट दोनशेच्या वर काटा, आणि बरोबर त्याच क्षणी कार्डचा वापर धाडकन खाली. म्हणजे कार्ड बिचारं हातावर हात ठेवून बसलंय, त्याला माल पोचवणारा दुसराच कोणीतरी अडकलाय. ज्यांना झटके येतात त्यांनी आधी हे एवढं बघा, झटक्याच्या वेळी कार्ड १०० टक्क्यांवर असेल तर तुमचा आजार वेगळा आणि हा सगळा लेख तुमच्या कामाचा नाही.

मग विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडा ठेवून खेळलो. मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सचा (हवं ते रॅममध्ये नाही म्हणून डिस्कवरून आणावं लागणं) आलेख झटक्यासोबत वर जातो, आणि डिस्क टॅबमध्ये गेमच्या फाइल्स आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातला माल डिस्कवरच्या ज्या फाइलमध्ये ठेवतं ती) दोन्ही एकाच वेळी वाचल्या-लिहिल्या जातायत, रिस्पॉन्स टाइम शंभर मिलिसेकंदांच्या पुढे. इथे थोडं गणित करून बघा. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदात मारते, म्हणजे हवा तो भाग हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या काट्याखाली) यायला सरासरी ४.२, त्यात हेड सरकायला आठ-नऊ धरा, म्हणजे एक विखुरलेला तुकडा वाचायला बारा-तेरा मिलिसेकंद. एका फ्रेमचं बजेटच १६.७! सलग वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या वर आरामात देते, पण गेमला रस्त्याचा तुकडा इथून, टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) तिथून हवं असतं, आणि त्याच वेळी रॅम भरल्यामुळे विंडोज पेजफाइलसाठी त्याच हेडला डिस्कच्या दुसऱ्या टोकाला पळवतं. एकच भटजी आणि दोन मांडवांत एकच मुहूर्त.

नेटवर जे पहिले दोन उपाय मिळतात ते दोन्ही माझ्या मते करू नयेत. एक, पेजफाइल बंद करा. विंडोज प्रोग्रामला मेमरी द्यायचं कबूल करतं ती रॅम आणि पेजफाइल मिळून, टास्क मॅनेजरमध्ये कमिटेड म्हणून आकडा दिसतो तो हाच. पेजफाइल काढली की ही मर्यादा ८ जीबीच्या आत येते आणि मग रॅम रिकामी दिसत असतानासुद्धा गेम मेमरी संपली म्हणून बंद पडू शकतो. दुसरा म्हणजे ते रॅम क्लीनर आणि बूस्टर. बटण दाबलं की वापर सहा जीबीवरून तीनवर आलेला दिसतो, बरं वाटतं, पण ते करतं काय तर चालू प्रोग्रामची पानं (मेमरीचे तुकडे) रॅममधून हाकलतं, आणि काही तर स्टँडबाय यादीसुद्धा पुसतात, जिच्यात गेमच्या नुकत्याच वाचलेल्या फाइल्स फुकटात ठेवलेल्या असतात. एसएसडीवाल्याला (म्हणजे न फिरणारी, झटपट वाचणारी डिस्क असलेल्याला) ते खपून जाईल, हार्ड डिस्कवाल्याने ती यादी पुसणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुढचा झटका बोलावणं.

बिनपैशाच्या गोष्टी पटकन सांगतो. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पेंडिंग आणि रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कचे बिघडलेले भाग, शून्य आहेत ना बघितलं (नसतील तर गेम राहू दे, आधी घरचे फोटो दुसरीकडे कॉपी करा). गेमचा फोल्डर विंडोजच्या सर्च इंडेक्समधून काढला. ब्राउझर आणि डिस्कॉर्ड खेळताना पूर्ण बंद, मिनिमाइझ नाही. पेजफाइलचा साइज फिक्स केला, सुरुवातीचा आणि कमाल दोन्ही ८१९२ एमबी, म्हणजे ऐन खेळात ती वाढवत बसायला नको. मशीन चालू केल्यावर लगेच गेम लावायचा नाही, अपडेट आणि स्कॅनची डिस्कवरची खडखड थांबू द्यायची, तोवर चहा होतो. एवढ्याने फरक पडला, पण झटके विरळ झाले, गेले नाहीत.

खरा फरक १२० जीबीच्या साध्या साटा एसएसडीने पडला आणि इथे माझं मत बहुतेकांपेक्षा उलटं आहे. सगळे म्हणतात गेम एसएसडीवर टाक. पण अख्खा जीटीए विंडोजसोबत १२० मध्ये मावत नाही, आणि विंडोज आणि पेजफाइल फिरत्या डिस्कवर ठेवून फक्त गेम हलवला तर रॅम भरल्यावरची रखडपट्टी आहे तशीच राहते. म्हणून विंडोज आणि पेजफाइल एसएसडीवर, आणि हार्ड डिस्क एकट्या गेमला. टॉवरमध्ये साटाची जास्तीची वायर नव्हती, स्टेशनजवळचा रिपेअरवाला म्हणाला, "अहो दादा, डीव्हीडी कोण वापरतं आता, तिचीच काढा," तर रायटरची वायर आणि पॉवर एसएसडीला, आणि एसएसडी आत डबल टेपने चिकटवलेली आहे, हलणारं काही नसतं तिच्यात त्यामुळे चालतं. हार्ड डिस्क फॉरमॅट करून पहिलं पार्टिशन गेमचं केलं, कारण डिस्कची सुरुवात बाहेरच्या कडेला असते आणि एका फेरीत तिथे जास्त डेटा वाचून होतो. मग डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स सलग मांडणं), फक्त हार्ड डिस्कचं हां, एसएसडीला ते करू नका.

आता रॅम. ऐरोलीच्या मित्राकडे ४ जीबीची डेस्कटॉपवाली स्टिक पडून होती, ट्रान्स हार्बर लोकलने जाऊन घेऊन आलो, येताना उगाच वाशीपर्यंत फिरून आलो तो भाग वेगळा. ८ अधिक ४ लावली की ड्युअल चॅनेल (रॅमचे दोन रस्ते एकदम वापरणं) मिळत नाही असं बरेच जण सांगतात, पण इंटेलच्या फ्लेक्स मोडमध्ये दोन्हीकडचे ४-४ जीबी मिळून ड्युअल चालतात आणि उरलेले ४ सिंगल. डीडीआर३ १६०० ला एका चॅनेलचे सेकंदाला १२.८ जीबी, दोनाचे २५.६, म्हणजे बराचसा भाग तरी दुप्पट रुंद रस्त्यावर. १२ जीबी झाल्यावर गेम चालू असताना हार्ड फॉल्ट्सचा आलेख जवळपास झोपलाच, आणि स्टँडबायला जागा मिळाल्यामुळे एकदा फिरून आलेला भाग दुसऱ्या वेळी गुळगुळीत.

सेटिंगमध्ये टेक्स्चर नॉर्मल, कारण कार्डचे २ जीबी भरले की उरलेलं साध्या रॅममध्ये सांडतं आणि परत तेच रडगाणं. पॉप्युलेशन व्हरायटी अर्ध्याच्या खाली, रस्त्यावर त्याच त्याच गाड्या दिसतात, दिसू देत. विमान उडवताना हाय डिटेल स्ट्रीमिंगचा पर्याय आहे तो बंद, एक्सटेंडेड डिस्टन्स (लांबचं बारकाईने दाखवणं) शून्य. शॅडो आणि गवत कमी करून झटक्यांना काहीच फरक पडत नाही, त्याने फक्त एफपीएस वाढतो, त्यामुळे ते तुमच्या आवडीवर. ३० एफपीएसला लॉक करून पाहिलं, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एकदम समान पडतं, पण माउसने नेम धरायला जड वाटतं म्हणून काढून टाकलं.

उरलंय काय, तर सुपरकार घेऊन शहरात भन्नाट वेगाने घुसलो की अजून एखादा बारीक अडखळा येतो, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला की सुरुवातीला थोडा वेळ शेडर (चित्र रंगवणारे कार्डचे छोटे प्रोग्राम) परत बनतात तेव्हाचे वेगळे. पहिल्यासाठी पुढचा प्रयोग म्हणजे गेमच्या फोल्डरमधला एखादा मोठा सबफोल्डर एसएसडीवर हलवायचा आणि त्याच्या जागी विंडोजच्या एमकेलिंक कमांडने जंक्शन (खऱ्या फोल्डरकडे नेणारी पाटी) ठेवायचं, गेमला कळतही नाही फाइल कुठून येतेय. एसएसडीवर तीसेक जीबी मोकळे आहेत तेवढ्यात कुठला फोल्डर बसवावा हे ठरत नाहीये, तर आधी रिसोर्स मॉनिटरमध्ये कुठली फाइल सगळ्यात जास्त वाचली जाते त्याची नोंद करतोय, कोणी हे आधीच करून बसलं असेल तर फोल्डरचं नाव सांगून टाका.