फाईलवरची इंग्रजी आणि घरातली दारू

दारूविषयीचे इंग्रजी शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आले. परमिट रूमच्या वाटेने क्वार्टर, नाइंटी, पेग, ड्राय डे हे शब्द आले आणि शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ते पाठ आहेत. दवाखान्याच्या वाटेने आलेले टॉलरन्स, विड्रॉवल, डिटॉक्स, रिलॅप्स हे शब्द मात्र फाईलवरच राहिले. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत औषधाच्या दुकानात बसत असल्यामुळे अशा फाईली माझ्यासमोर वरचेवर उघडल्या जातात, आणि त्यांतला एखादा शब्द न कळल्यामुळे घरात केवढा अनर्थ होऊ शकतो याची मला कल्पना आहे.

सर्वांत जास्त घाबरवतात ती ‘एडीएस’ ही तीन अक्षरे. अल्कोहोल डिपेंडन्स सिंड्रोम, म्हणजे दारूवाचून शरीराचे चालेनासे होणे, याचे ते लघुरूप आहे. पण करवीर तालुक्यातल्या एका मावशींना गावात कुणीतरी त्याचा अर्थ एड्स असा सांगितला होता. मागे उभ्या असलेल्या सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून काउंटरवर वाकून त्यांनी मला विचारले, “दादा, ह्येला त्यो रोग झालाय व्हय?” अक्षरांची फोड करून सांगितल्यावर त्या एवढ्या निर्धास्त झाल्या, की मुलाच्या खऱ्या आजाराचे गांभीर्यच त्यांच्या लेखी उरले नाही.

क्वार्टर हा त्या मानाने घरोब्याचा शब्द, आणि म्हणूनच फसवा. “एकच क्वार्टर घेतो” या वाक्यात मोजूनमापून पिण्याचा आभास असतो. प्रत्यक्षात १८० मिलीच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण ४२.८ टक्के छापलेले असते, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आणि वैद्यकीय हिशेबात १० ग्रॅम अल्कोहोलचे एक प्रमाणित मद्य (स्टँडर्ड ड्रिंक) धरले, तर ‘एक’ म्हणणारा माणूस सहा घेऊन घरी आलेला असतो.

टॉलरन्सची गोष्ट आणखी वेगळी आहे. “कितीही घेऊ दे, गडी हलत नाही” हे आपल्याकडे कौतुकाने बोलले जाते आणि न चढण्याला मर्दुमकी मानले जाते. डॉक्टर तेच लक्षण आजाराच्या खात्यात लिहितात, कारण पूर्वीइतकी नशा येण्यासाठी जास्त दारू लागणे म्हणजे मेंदूने दारू गृहीत धरून स्वतःची घडी बदललेली असणे.

या बदललेल्या घडीतूनच विड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावर होणारा त्रास, उद्भवते, आणि माझ्या मते घरच्यांना समजायलाच हवा असा शब्द कोणता असेल तर तो हाच. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्यावर उतारा म्हणून आपली उत्तेजना वाढवत नेतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडावा तसे दारू एकदम बंद केल्यावर होते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काहींना दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन नसलेली माणसे, किडे, जनावरे दिसू लागतात. या शेवटच्या अवस्थेवर वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. नेमक्या याच काळात कित्येक घरांत त्याला खोलीत कोंडून ठेवलेले असते, किंवा “बाहेरचं काहीतरी झालंय” म्हणून देवर्षीकडे नेण्याची तयारी चाललेली असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका रात्रीत तोडू नये. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली योग्य गोळ्या आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देऊन ती उतरवावी लागते.

“भाजीत घालायची गोळी द्या” अशीही मागणी येते. भिंतींवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असे रंगवलेले असल्यावर दुसरे काय होणार! मागणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा डायसल्फिराम ही गोळी असते. त्यावर दारू प्यायल्यास शरीरात विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साठते, चेहरा लाल होतो, उलट्या आणि धडधड सुरू होते, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्याच्या तर ते जिवावर बेतू शकते. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. ज्याला आपण काय खाल्ले हेच ठाऊक नाही, तो दारू टाळणार कशाच्या भीतीने? ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि रुग्णाच्या संमतीनेच घ्यायची असते, म्हणून अशी मागणी करणाऱ्यांना मी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक लिहून देतो.

डिटॉक्स, म्हणजे देखरेखीखाली दारू उतरवणे, बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत आटोपते आणि घरच्यांना वाटते की काम झाले. पुढे फाईलवर ‘रिलॅप्स’, म्हणजे पिणे पुन्हा सुरू, असे लिहिले गेले, की “पैसे पाण्यात गेले” म्हणून उपचार सोडले जातात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून दवाखाना कुणी सोडत नाही. दारूच्या बाबतीत मात्र पुन्हा पिणे हा गुन्हा ठरतो. फेरतपासणीच्या तारखेला रुग्ण पिऊन आला तरी त्याला न्यायचेच असते, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो, कारण डॉक्टर रागावून परत पाठवतील या धास्तीने घरचे नेमका तोच दिवस चुकवतात.