तुम्ही विचारलंत म्हणून: सासऱ्यांशी माझं एवढं कसं जमलं?

लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, की तू सासऱ्यांबद्दल बोलताना वडिलांबद्दल बोलल्यासारखी बोलतेस, तुमचं एवढं जमलं कसं गं? एक-दोघी तर आडून हेही विचारतात की एवढा गावासाठी राबणारा माणूस घरात कसा होता, म्हणजे बाहेर देव आणि घरात जमदग्नी असला प्रकार नव्हता ना. दरवेळी मी हसून विषय बदलते, कारण उभ्याउभ्या सांगण्यासारखं उत्तर नाहीये. आज बसून लिहिते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत, पण अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं म्हणून मीही गुरुजीच म्हणायला लागले. सासूबाईंना आत्या.

जमलं ते जनगणनेमुळे. हसू नका, खरंच.

2001 सालचा फेब्रुवारी. माझं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं, घरात अजून पदर सावरत वावरायचे. जनगणनेची ड्युटी बहुतेक करून शिक्षकांनाच असते हे तुम्हाला माहितीच आहे, आणि गुरुजींना नेमका आमच्याच वाडीचा भाग आला होता. दिवसभर शाळा, संध्याकाळी घरोघर फिरणं, आणि रात्री कंदिलाशेजारी (लाईट असायचीच असं नाही) बेरजा. माझं अक्षर बरं म्हणून नोंदींचे गोषवारे लिहायला मला बसवलं. सासऱ्यांसमोर मांडी घालून बसायची ती माझी पहिली वेळ.

आमच्या घराची नोंद त्यांनी सगळ्यात शेवटी केली. आणि करताना मला समोर बसवून, चष्मा लावून, परक्या बाईला विचारावं तसं सगळं रीतसर विचारलं. नाव, वय, शिक्षण. मग "गेल्या वर्षभरात काही काम केलंत का?" मी म्हटलं, काही नाही, घरीच असते. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज कोण शिवतं?" मी म्हटलं ते काय, फावल्या वेळात. "पैसे घेतेस ना?" घेते. "सहा महिन्यांपेक्षा जास्त?" हो. मग त्यांनी घरगुती उद्योगाच्या रकान्यात माझी नोंद केली आणि वर म्हणाले, उद्या कुणी विचारलं तर काही करत नाही म्हणायचं नाही, सरकारदरबारी खोटं ठरेल.

तेवढ्यावर थांबले नाहीत. आत्यांच्या दोन म्हशी होत्या. त्या वर्षीच्या सूचनांमध्ये नुसतं घरच्या वापरासाठी दूध काढणंसुद्धा काम धरलेलं होतं, म्हणून आत्याही काम करणाऱ्यांत गेल्या. आत्या चुलीपुढून म्हणाल्या, "तीस वर्सं शेण काढतीय, आज दिसलं व्हय तुमास्नी?" गुरुजी काही बोलले नाहीत, खाली मान घालून लिहीत राहिले. माझ्या मते त्यांना ते लागलं. कारण त्यानंतर सकाळची एक धार ते काढायला लागले, आणि अगदी वाईट काढायचे, म्हैस लाथ मारायची, अर्धं दूध जमिनीवर.

तर जमलं ते असं. लाडबीड केल्यामुळे नाही, त्यांनी मला मोजलं म्हणून.

लाड तर ते कुणाचेच करायचे नाहीत. स्वभावाने किचकट माणूस, उगीच खोटं कशाला सांगू. वाण्याच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारून यादी परत द्यायचे. दहा रुपयांची पावती हरवली तर घर डोक्यावर घ्यायचे. पण मी मुक्त विद्यापीठातून बीए करायचं म्हटलं तेव्हा फॉर्म त्यांनीच आणला, आणि तालुक्याच्या कॉलेजात माझा पेपर चालू असताना बाहेर झाडाखाली माझ्या पोराला मांडीवर घेऊन बसायचे, सोबत दुधाची बाटली आणि एक जुना पंचा. पोरगं रडलं तरी मला आत कळू द्यायचे नाहीत, त्याला घेऊन थेट स्टँडपर्यंत चालत जायचे.

2003 ला 58 पूर्ण झाली, रिटायर झाले. आम्हाला वाटलं आता घरात बसतील. पुढे ग्रामपंचायतीला उभे राहिले, निवडून आले आणि सरपंचही झाले. तेव्हा सरपंच मेंबरांमधून निवडायचे, थेट जनतेतून नाही. आणि नेमका 2012 चा दुष्काळ त्यांच्या काळात आला. माणमधला दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. टँकरचा हिशोब माणशी 20 लिटर रोज, त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, सगळं. टँकर आला की विहिरीत ओतायचा आणि मग जी झुंबड उडायची ती नको म्हणून गुरुजींनी आळीवार नंबर लावले, वहीत लिहून, शाळेत हजेरी घ्यावी तसे. आमची आळी शेवटी. का, तर सरपंचाचं घर त्या आळीत.

यावरून घरात भांडणं झाली, मीही भांडले. शेवटच्या नंबराला पाणी गढूळ यायचं हो, तळाचा गाळ. मला आजही वाटतं की नंबर आलटून पालटून लावता आले असते, आमच्यामुळे आळीतल्या बाकीच्या घरांनी काय पाप केलं होतं? मी तसं तोंडावर म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी वहीत नवीन नंबर, दर आठवड्याला बदलणारे. चुकलो असं काही तोंडाने म्हणाले नाहीत. आणि नवीन नंबरात आमची आळी पहिली आली तरी तिच्यात आमचं घर शेवटीच.

घरकुलाच्या यादीत माझ्या धाकट्या दिराचं नाव येण्यासारखं होतं, तेही गुरुजींनी येऊ दिलं नाही, त्यावरून दीर वर्षभर घरी जेवायला आले नाहीत. गुरुजी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. चहा मिळाला नाही तरी बसायचे, नातवाचा अभ्यास घ्यायचे आणि उठून यायचे.

मग 2014 ला आत्या अंगणात पडल्या, खुबा मोडला, साताऱ्याला ऑपरेशन झालं. 2015 च्या निवडणुकीला लोक घरी येऊन बसले, गुरुजी परत उभे रहा. गुरुजी म्हणाले, आता घरी ड्युटी लागलीय. आणि खरंच ड्युटीसारखीच केली. गोळ्यांचा तक्ता भिंतीवर, वॉकर घेऊन किती पावलं टाकली त्याची नोंद, वेणी घालायला माझ्याकडून शिकले. भाकरीही शिकायला बसले पण ती काही जमली नाही, प्रत्येक भाकरीला चिरा, आत्या पलंगावरून बघून म्हणायच्या, "माणचं रान हाय का भाकरी?"

गुरुजी गेले त्यानंतर कपाटात एक फाईल सापडली. पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा (पीपीओ) नंबर, बँकेचं पासबुक, आत्यांचे फोटो, कुणाला भेटायचं, कोणता अर्ज आधी, कोणता नंतर, आणि सगळ्यात खाली दूधवाल्याचे 340 रुपये देणे आहेत. (म्हशी तोवर विकल्या होत्या.) फॅमिली पेन्शनचं काम आम्हाला फारशा खेपा न घालता झालं, ते त्या फाईलमुळे.

दर नोव्हेंबरात आत्यांना हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत घेऊन जाते. मागच्या वेळी रांगेत एका बाईंनी मला हेच विचारलं, सासऱ्यांशी तुमचं कसं काय जमलं हो? मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "हिलाच इचारत्यात समदी. माझं कसं जमलं ते इचारा की कुणीतरी."