धनुष्कोडी : लंका दिसत नाही आणि ऑटोला हजार रुपये द्यायची गरज नाही

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. अरिचल मुनै, म्हणजे रामेश्वर बेटावरच्या धनुष्कोडीचं शेवटचं टोक, तिथून श्रीलंका दिसत नाही. लंकेतलं सर्वात जवळचं ठिकाण तलैमन्नार समुद्रापलीकडे तीसेक किलोमीटरवर आहे. ते ज्यावर आहे ते मन्नार बेट सपाट, आणि किनाऱ्यावर उभ्या माणसाची नजर पाण्यावर जेमतेम पाच किलोमीटर पोचते. तरी रामेश्वरच्या बसस्टँडवर ऑटोवाल्याने "लंका दिखेगा सर" असं छातीठोकपणे सांगून पंधराशे मागितले. घासाघीस करून हजारावर आला. त्या हजारात मिळालं काय, तर वाटेतलं कोदंडराम मंदिर, न मागता शंखशिंपल्यांची दोन दुकानं, आणि टोकावर वीस मिनिटं. वादळात उद्ध्वस्त झालेल्या जुन्या गावापाशी तर "खंडहर है, क्या देखना" म्हणत गाडी थांबवायलाच तयार नाही. अहो, तेच तर बघायचं असतं!

दुसऱ्या दिवशी सरकारी बसने पुन्हा गेलो. रामेश्वरहून थेट टोकापर्यंत बस जाते आणि तिकीट ऑटोच्या मानाने फुकटात जमा. जुन्या गावापाशी उतरा, निवांत बघा, मग टोकाकडे निघा. २०१७ साली पक्की सडक झाली, त्याआधी वाळूतून व्हॅन आणि जीपशिवाय इलाज नव्हता, तेव्हा त्यांचे भाव समजू शकत होते. आता नाही.

जुन्या गावात उभ्या आहेत चर्चच्या भिंती, पोस्टाचे आणि स्टेशनचे अवशेष. चर्चच्या भिंतीला नाक लावून बघा. साधा दगड नाही तो, समुद्रातून काढलेलं प्रवाळ. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी स्पष्ट दिसते. हे गाव एके काळी हिंदुस्थानचं दार होतं. १९१४ मध्ये बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल झाला आणि मद्रासच्या एग्मोरहून निघालेली 'बोट मेल' थेट इथल्या धक्क्याला लागायला लागली. पुढे आगबोटीने तलैमन्नार आणि तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर! कस्टम, बंदर, पोस्ट, सगळा सरकारी सरंजाम इथे होता. सिलोनच्या मळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांना त्याआधी पुलाअलीकडच्या मंडपमच्या छावणीत अडकवून ठेवत आणि तपासणी करून मगच पुढे सोडत. गंमत म्हणजे तेव्हा मुख्य मार्ग धनुष्कोडीचा होता, रामेश्वर हा पांबनहून फुटलेला फाटा.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून मध्यरात्रीच्या सुमारास निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या तोंडाशी लाटेखाली गेली. शंभरावर माणसं होती, एकही वाचला नाही. गावही गेलं. सरकारने जागा राहायला अयोग्य ठरवली. पांबनचा पूल रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, पण त्यापुढची धनुष्कोडीची लाइन परत टाकली गेली नाही. रेल्वे आजही रामेश्वरलाच संपते. (२०२५ च्या एप्रिलपासून नव्या पुलावरून गाड्या जातात, म्हणजे जुना पूल बंद झाल्यावर मंडपमला उतरून बस धरावी लागायची, ती कटकट आता नाही.)

कोळी मात्र तिथेच झोपड्या बांधून आहेत. एका बाईला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाळूत हातभर खड्ड्यातून करवंटीने पाणी भरताना पाहिलं. चाखलं तर गोड! दोन्ही बाजूंना खारा समुद्र आणि मधल्या वाळूत पावसाचं गोडं पाणी तरंगून राहतं. तुम्हाला मात्र त्यावर अवलंबून राहता येणार नाही.

कारण पुढचा टप्पा. अवशेषांपासून टोकापर्यंत चार-पाच किलोमीटर. एरवी सिंहगड चढणाऱ्याला हे किस झाड की पत्ती, पण इथे एक झाड नाही, एक टपरी नाही, आडोशाला भिंत नाही. आम्ही ऑगस्टात होतो. उजवीकडून, मन्नारच्या आखातावरून वारा सुटलेला, आणि सडकेवर गुडघ्याएवढ्या उंचीवरून वाळू सणसणत जात होती. पिंडऱ्यांना टाचण्या टोचाव्यात तशी लागते. हाफपँट घातलेल्यांचे हाल बघवत नव्हते. डोळे अर्धे मिटून, तोंडाला उपरणं गुंडाळून, एका खांद्याने वाऱ्याला ढकलत चालायचं. पूर्ण पायजमा, घट्ट बसणारा चष्मा आणि माणशी दोन लिटर पाणी, याला पर्याय नाही. सकाळी नऊच्या आत टोकावर पोचा, नाहीतर सरळ बसमध्ये बसून राहा. त्यात कमीपणा नाही.

टोकावर अशोकस्तंभ, सडकेचं वळण आणि सेल्फीवाले. बस्स. समुद्रात उतरू नका, प्रवाह वाईट आहेत आणि पोलीसही शिट्ट्या मारतात. इथे जमिनीवर भारत-लंकेची सीमा आहे असं कोणी सांगितलं तर मान डोलावून पुढे चला. सीमा पाण्यात आहे, १९७४ च्या कराराने आखलेली. कच्चतीवू बेट त्याच कराराने लंकेकडे गेलं आणि तमिळ मच्छीमारांच्या अटकेच्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत. २०२२ मध्ये लंकेत महागाईने हाहाकार उडाला तेव्हा याच बाजूच्या वाळूच्या बेटांवर नावाड्यांनी माणसं आणून सोडली होती. हे लक्षात ठेवून त्या पाण्याकडे बघितलं तर सेतू आणि सेल्फी यांपलीकडे काहीतरी दिसतं. फोनचं रोमिंग मात्र बंद ठेवा. माझ्या फोनने परस्पर लंकेचं नेटवर्क पकडलं होतं.

रामेश्वरचे बाकीचे दिवस मजेत गेले. बावीस कुंडांचं स्नान, ती लांबच लांब ओवरी, सगळं सुरळीत, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, असा जुना यात्रेचा नेम. नाथांनी कावडीतली गंगा तहानेल्या गाढवाला पाजली ती याच वाटेवर. कोणी एजंट "स्पेशल स्नान" म्हणून मागे लागला तर हात जोडा, देवस्थानच्या खिडकीवर तिकीट मिळतं.

ऋतूचं एक. आपला पावसाळा संपला म्हणून दिवाळीत जाऊ नका. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, वादळंही तेव्हाचीच. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. आणि परतीची बस टोकावरच पकडा. जुन्या गावापाशी ती खच्चून भरून येते आणि ड्रायव्हर थांबेलच याचा भरवसा नाही. संध्याकाळी तर पाचनंतर रेंगाळूच नका. बस चुकली की तोच ऑटोवाला समोर उभा असतो, आणि तेव्हा भाव तो ठरवतो.