सायनसचा सीटी: घाई केली नाही ते बरं झालं

नौपाड्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी गेलो तो सीटी स्कॅन लिहून घ्यायलाच. उजवा गाल दोन महिने जड, उजव्याच नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा शेंबूड. त्यांनी चिठ्ठी दिली नाही. आधी दुर्बीण, म्हणाले.

झायलोमेटाझोलिन (नाक मोकळं करणारं) आणि लिग्नोकेन (बधिर करणारं) या औषधांत भिजवलेली कापसाची वात दहा मिनिटं नाकात, मग चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण. दुखत नाही, डोळ्याला पाणी येतं. औषध घशात उतरलं की आवंढा अडकल्यासारखा वाटतो, त्याला घाबरू नये. मात्र बधिरपणा जाईपर्यंत चहा पिऊ नये, ठसका लागतो. स्क्रीनवर मधल्या टर्बिनेटखालून, म्हणजे नाकातल्या हाडाच्या मधल्या वळकटीखालून, पू उतरताना स्पष्ट दिसला.

तरीही आधी औषधंच: अँटिबायोटिक, चार आठवडे स्टिरॉइड स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. कारण साध्या सर्दीतही सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं, अस्तर सुजतं. अमेरिकेत ताजी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी काढले होते, १९९४ साली ते छापून आलं. २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. नाक वाहत असताना काढलेल्या स्कॅनमधून सर्दीच दिसणार, मूळ आजार नाही.

चार आठवड्यांनी त्रास तसाच, तेव्हा चिठ्ठी मिळाली: प्लेन सीटी पीएनएस. पीएनएस म्हणजे नाकाभोवतीचे सायनस. प्लेन म्हणजे शिरेतून औषध नाही, त्यामुळे उपाशीपोटी जायची गरज नाही. कानातलं, चमकी, साखळी, चष्मा, काढता येणारी कवळी बाहेर ठेवायची. धातूच्या रेघा नेमक्या सायनसवर पडतात. आत जाण्याआधी नाक शिंकरून घ्यायचं. टेबल सरकतं, काही सेकंद मान हलवायची नाही, आवंढा गिळायचा नाही. झालं.

टेक्निशियनला एवढंच सांगायचं: "दादा, वरच्या दाढांची मुळं येऊ द्या, आणि स्लाइस एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक." बऱ्याचदा स्कॅन दातांच्या वरच थांबतो. हे मी आठवणीने सांगितलं, पण सीडी तिथेच तपासली नाही. घरी उघडली तर आत नुसते वीस-पंचवीस फोटो. डॉक्टरांना डायकॉम फाइल लागते. तीत चित्र तिन्ही दिशांनी फिरवता येतं, फोटोत नाही. बारीक स्लाइस मशीनवर काही दिवसच ठेवतात. चौथ्या दिवशी परत गेलो म्हणून मिळाल्या, नाहीतर पुन्हा स्कॅन, पुन्हा रेडिएशन.

रिपोर्टमध्ये दोनच ओळी: उजवा मॅक्सिलरी (गालाचा) सायनस भरलेला, नाकाचं हाड डावीकडे वाकलेलं. वाकडं हाड निम्म्या गावाचं असतं, त्यावर कुणी ऑपरेशन सुचवलं तर आधी कारण विचारावं. खरी गोष्ट रिपोर्टमध्ये नव्हतीच. बाकीचे सगळे सायनस स्वच्छ आणि एकच भरलेला. एका बाजूचाच सायनस भरला की दाढ, बुरशी किंवा गाठ यांचा विचार आधी करायचा.

डॉक्टरांनी समोरून कापलेलं चित्र खाली सरकवत नेलं. रूट कॅनल केलेल्या दाढेच्या मुळाशी काळं वलय होतं, सायनसच्या तळाचं पातळ हाड तिथे तुटलं होतं आणि भरलेल्या सायनसच्या राखाडी भागात पांढराशुभ्र ठिपका. मुळातून वर ढकललं गेलेलं भरण. त्याभोवती बुरशीचा गोळा धरतो.

एमआरआय का नको, हे मी विचारलं. हाड त्यात नीट दिसत नाही, आणि दाट बुरशी टी-टू चित्रात (एमआरआयच्या चित्राचा एक प्रकार) इतकी काळी येते की हवाच वाटते. गाठीचा किंवा डोळ्या-मेंदूकडे पसरल्याचा संशय असेल तर मात्र तो लागतोच.

गोळा काढायच्या ऑपरेशनपूर्वी तोच सीटी पुन्हा समोर लावला. डोळ्याच्या कडेची कागदासारखी पातळ भिंत शाबूत आहे ना, कवटीचा तळ किती खाली उतरलाय (खोली १-३, ४-७ की ८-१६ मिलिमीटर, असे तीन प्रकार), हे त्यावरच कळतं. दाढेचा निकाल डेंटिस्टने लावला. दुर्बिणीने सायनसचं तोंड रुंद करून गोळा काढला. ओल्या मातीसारखा, तपकिरी. तो पॅथॉलॉजीला गेला. बुरशी अस्तरात शिरलेली नव्हती, म्हणून बुरशीविरोधी गोळ्या नाहीत.

नंतर उकळून गार केलेल्या पाण्यात मिठाची पुडी घालून रोज नाक धुणं, नळाचं पाणी थेट नाही. पहिल्या काही भेटींत खपल्या दुर्बिणीने काढल्या. दुसरा सीटी काढलाच नाही. रुंद केलेल्या तोंडातून तीस अंशांच्या दुर्बिणीने आतलं अस्तर सरळ दिसतं.