काउआईच्या अळूखाचरांपर्यंत

हवाईतल्या काउआई बेटावरची अळूची खाचरं जवळून पाहायची असतील, तर महिनाभर आधी तयारीला लागावं लागतं. बेटाच्या उत्तरेला, डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे हाएना स्टेट पार्क आहे, आणि त्यात अशी खाचरं आहेत. बाहेरगावच्या माणसाला तिथे आयत्या वेळी जाऊन आत शिरता येत नाही. बुकिंग 30 दिवस आधी, हवाईतल्या मध्यरात्री उघडतं. पुण्यात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, त्यामुळे आमची झोपमोड टळली. गाडी लावायची जागा मिनिटांत भरून गेली. शटल बसची तिकिटं मिळाली, आणि त्यातच प्रवेश धरलेला असल्यामुळे काम झालं. माझा सल्ला सरळ बसचाच आहे. वाटेतल्या पुलांवर एकावेळी एकाच बाजूची वाहनं जाऊ शकतात. एका बाजूच्या पाच-सात गाड्या गेल्या की समोरच्यांना वाट द्यायची, अशी तिथली रीत आहे. ती सांभाळत गाडी हाकण्यापेक्षा खिडकीतून डोंगर बघावेत.

एवढा कडक नियम कशासाठी, हे तिथे गेल्यावर पटतं. एप्रिल 2018 मध्ये या किनाऱ्यावर आभाळ फाटलं. वाइपा इथल्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 49.69 इंच पावसाची नोंद झाली. अमेरिकेतला तो विक्रम आहे. दरडी कोसळल्या, रस्ता गेला, आणि पार्क उघडायला 2019 चा जून उजाडला. उघडताना मात्र दिवसाला 900 पाहुण्यांची मर्यादा घातली. त्याआधी इथे याहून कितीतरी जास्त माणसं येत आणि गाड्या रस्त्याच्या कडेला मिळेल तिथे उभ्या राहत. मला ही मर्यादा मनापासून योग्य वाटली. ज्या पाण्यावर कुणाचं अन्न पिकतं, तिथे येणाऱ्याने आधी विचारूनच यावं.

हाएनाला जायच्या आदल्या दिवशी हनालेईचं खोरं वरच्या रस्त्यावरून पाहिलं होतं. खाली नदी, तिच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेले हिरवे चौकोन. पोई म्हणजे अळूचे कंद शिजवून, दळून केलेला खळीसारखा पदार्थ. त्यासाठी लागणारं हवाईतलं बहुतांश अळू याच खोऱ्यात पिकतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी शेतकऱ्यांनी इथे भात लावला होता, पुढे अळू परत आलं. 1972 पासून खोऱ्याचा 917 एकरांचा भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे. शेतकरी तिथेच अळू पिकवतात आणि लांब गुलाबी पायांचे शेकाटे त्याच पाण्यात चरतात. त्या वाफ्यांत पर्यटकांना सोडत नाहीत, वरूनच बघायचं.

हाएनाला पार्किंगपासून केए किनाऱ्याकडे जाणारी पायवाट अळूच्या खाचरांतूनच जाते. तिकडे अळूला कालो म्हणतात आणि खाचराला लोई. इथली खाचरं झाडोऱ्याखाली बुजून गेली होती. या गावात ज्यांची पाळंमुळं आहेत त्या कुटुंबांनी संघटना काढली, रान तोडलं, बांध पुन्हा रचले आणि पाणी परत आणलं. बरोबरची बरीच मंडळी समुद्राच्या ओढीने झपाझप पुढे गेली. आम्ही तिथेच रेंगाळलो. पानं आपल्या परसातल्यासारखीच, पण देठ कमरेपर्यंत आलेले. काही हिरवे, काही जांभळट काळे. वाफ्याच्या एका तोंडातून पाणी आत येत होतं, दुसऱ्यातून खालच्या वाफ्यात उतरत होतं. हे पाणी वाहतं आणि थंड असावं लागतं. ते साचून तापलं की कंद कुजतो. म्हणून ओढ्याचं पाणी पाटाने वळवायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवायचं आणि खाली पुन्हा ओढ्यालाच द्यायचं. ऊसवाल्या कंपन्यांनी अनेक बेटांवर डोंगरातलं पाणी कालवे काढून पळवलं, तेव्हा कालोची शेती का मोडली, हे त्या दोन तोंडांपाशी उभं राहिल्यावर कुणी न सांगता कळतं.

शेजारच्याच लिमाहुली बागेसाठी वेगळं बुकिंग लागतं. तिथे काळ्या लाव्हाच्या दगडांचे, चुना-माती न वापरता रचलेले बांध आहेत, शेकडो वर्षांपूर्वीचे, आणि त्यांत आजही कालो उभा आहे. वेळ एकाच जागेपुरता असेल तर मी लिमाहुलीच निवडेन.

पण खरी ओळख झाली ती वाइपाला. तिथल्या संस्थेत ठरलेल्या दिवशी पोई करतात आणि मदतीला बाहेरच्यांनाही बोलावतात. आधी ई-मेल करून विचारलं, या म्हणाले. पहाटे पोहोचलो तेव्हा वाफवलेल्या कंदांचे ढीग पाण्यात होते. चमच्याने साल खरवडायची, डोळे आणि सडका भाग सुरीने काढायचा, कंद पुढच्या माणसाकडे द्यायचा. कंद आपल्या अळकुडीपेक्षा पुष्कळ मोठे, आतून राखाडी-जांभळे, आणि हाताला चिकट. मी खाजेच्या भीतीने हातमोजे मागितले, तर शेजारच्या आजी हसल्या. कंद तासन्‌तास शिजलेला, आता खाज कुठली! सगळे त्यांना ‘आंटी’ म्हणत होते, मीही म्हटलं.

हालोआची गोष्ट आंटींनी साल काढता काढता सांगितली. आकाशपिता वाकेआचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं, आणि त्या जागी पहिला कालो उगवला. दुसरा मुलगा हालोआ जगला, त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे कालो थोरला भाऊ. म्हणूनच पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही. हवाई विद्यापीठाने 2002 मध्ये कालोच्या तीन वाणांवर पेटंट घेतलं, तेव्हा इथली माणसं का पेटून उठली, हे या गोष्टीनंतर वेगळं समजवावं लागलं नाही. भावावर मालकी कोण सांगेल? 2006 मध्ये विद्यापीठाने ती पेटंटं सोडून दिली.

मग आंटींनी मला बाहेर नेऊन हुली दाखवली. कंद काढला की त्याच्या शेंड्याची पातळ चकती आणि वर वीतभर देठ एवढं कापून ठेवतात आणि तेच पुन्हा चिखलात रोवतात. लावणीपासून काढणीपर्यंत वर्षभर तरी जातं. पिढ्यान्‌पिढ्या तेच रोप चालत आलेलं असतं. खाचरात उतरायचं असेल तर पायाला जखम नसावी, हेही त्यांनी बजावलं. तिथेही लेप्टोचा धोका असतो, कोकणातल्या लावणीत असतो तसाच.

निघताना दळलेल्या पोईची पिशवी मिळाली. ताजी पोई गुळचट लागते, बाहेर ठेवली की रोज थोडी आंबत जाते. मला ती तिसऱ्या दिवशी आवडली, आंबूस झाल्यावर, खारवलेल्या माशाबरोबर. नवऱ्याला पहिल्या दिवशीचीच बरी वाटली.